बाईंनी पेशंटला बाजारात नेलं

आमच्या वॉर्डात दारं नव्हती, पडदे होते. तरीही बाई आत शिरण्याआधी टकटक करायच्या. पलंगाच्या लोखंडी दांडीवर बोटाच्या पेराने हलकेच, आणि मग क्षणभर थांबायच्या, जणू आतून कुणी "या" म्हणणार आहे. आतला माणूस बहुधा काही म्हणण्याच्या अवस्थेत नसायचा. कुणाचं तोंड वाकडं झालेलं, कुणाची वाचा गेलेली, कुणी नुसतं छताकडे बघत पडलेलं. बाईंना त्याचं काही नव्हतं. त्या जवळ जायच्या, स्वतःचं पूर्ण नाव सांगायच्या, आज वार कोणता ते सांगायच्या, बाहेर ऊन आहे की मळभ ते सांगायच्या, आणि शेवटी बाजारात आज कोणती भाजी आलीय तेही. ही भाजीची बातमी कशाला, असं मी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं. बाई म्हणाल्या, पडून राहिलेल्या माणसाला वाटतं की जग थांबलंय. ते थांबलेलं नाही एवढं त्याला कळलं की पुरे.

मी तेव्हा सांगलीकडून नव्यानेच वसईला नोकरीला आले होते. आमचं हॉस्पिटल काही फार मोठं नव्हतं, पण पक्षाघाताच्या पेशंटसाठी त्यात वेगळा वॉर्ड होता आणि बाई त्या वॉर्डाच्या मुख्य सिस्टर होत्या. सिस्टर मात्र त्यांना कुणी म्हणत नसे. डॉक्टरांपासून झाडूवाल्या मावशींपर्यंत सगळे बाईच म्हणायचे. ठेंगणा बांधा, जाड भिंगांचा चष्मा आणि चेहऱ्याच्या मानाने बरंच मोठं, फुगीर नाक. राहायला वसईजवळच्या गास गावात, भावाच्या कुटुंबात. घरची वाडी होती. केळी, भाजी, सोनचाफा. लग्न केलेलं नव्हतं, आणि का नाही केलं असं विचारायची कुणाची छाती नव्हती. वॉर्डात पुस्तकातलं वाटावं इतकं स्वच्छ मराठी बोलायच्या, पण घरून फोन आला की एकदम त्यांच्या वाडीच्या बोलीत शिरायच्या. त्यातलं मला अक्षरही कळायचं नाही. फोन ठेवला की पुन्हा पुस्तक सुरू.

पक्षाघात झालेला माणूस वेळेत पोचला, तर मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देता येतं. इंजेक्शन डॉक्टर देतात आणि मग पेशंट नर्सच्या हवाली होतो. ज्या औषधाने गुठळी विरघळते त्याच औषधाने कुठे रक्तस्रावही होऊ शकतो. हिरड्यांतून, लघवीतून, आणि सगळ्यात वाईट म्हणजे मेंदूतच. म्हणून पुढचा अख्खा दिवस डोळ्यांत तेल घालून बसायचं. दर पंधरा मिनिटांनी रक्तदाब, मग दर अर्ध्या तासाने. विनाकारण सुई टोचायची नाही, दात घासायला ब्रश द्यायचा नाही, आणि पेशंट नीट शुद्धीत आहे ना, बोलतोय ना, हातपाय हलवतोय ना हे पुन्हा पुन्हा बघायचं.

हे सगळ्या नर्स करतात. बाईंची पद्धत एवढीच वेगळी, की त्या पेशंटला दर वेळी एकच प्रश्न विचारायच्या.

"माझं नाक कसं आहे?"

मला वाटलं बाईंचं डोकं फिरलंय. पण पेशंट उत्तर द्यायचे. एकाने बटाटेवडा म्हटलं. पापडी गावचे एक आजोबा बराच वेळ निरखून म्हणाले, असं नाक आमच्या फादरांचं होतं. बाई सगळी उत्तरं गंभीरपणे ऐकून घ्यायच्या. आपलं नाव काय, आज वार कोणता, हे माणूस पोपटासारखं पाठ करून सांगतो, पण समोरच्या बाईच्या नाकाविषयी काही बोलायचं तर त्याला डोळे उघडून बघावं लागतं, विचार करावा लागतो आणि जरा लाजावंही लागतं, असं त्यांचं म्हणणं होतं. लाजणारा माणूस शाबूत आहे, असं त्या म्हणायच्या.

विरारचे एक निवृत्त शिक्षक होते. इंजेक्शननंतर त्यांचा हात चांगला उचलायला लागला होता, बोलणंही परतलं होतं. नाकाच्या प्रश्नाला ते दर वेळी नवं आणि सभ्य उत्तर द्यायचे. कधी सरळ आहे, कधी तुम्हाला शोभतं, कधी तरतरीत आहे. त्यांच्या पत्नी पलीकडे बसून हसत होत्या. दुपारी बाईंनी पुन्हा विचारलं तेव्हा ते नुसतं "नाक" म्हणाले आणि थांबले. कपाळाला आठी पडली. मग म्हणाले, डोकं दुखतंय. बाईंनी मला डॉक्टरांना बोलवायला पिटाळलं. डॉक्टर धावत आले, लगेच स्कॅन झाला. मेंदूत रक्त उतरलं होतं. करता येण्यासारखं सगळं केलं, मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात हलवलं, तरी ते वाचले नाहीत.

ही बातमी आली तेव्हा बाई दुसऱ्या एका पेशंटच्या पलंगाशी निघाल्या होत्या. फोन मीच घेतला होता, मीच सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पदराला पुसला, परत लावला. मग पलंगाच्या दांडीवर टकटक केली, थांबल्या आणि आत जाऊन विचारलं, माझं नाक कसं आहे. आवाजात काही फरक नव्हता. संध्याकाळी घरी निघताना मात्र त्या जिन्यात बसलेल्या दिसल्या. मी शेजारी बसले. म्हणाल्या, तरतरीत म्हणाले होते मला. आयुष्यात कुणी म्हटलं नव्हतं.

बाईंशी सगळ्यांचं पटायचं असं मात्र नाही. नातेवाइकांना तर त्या नकोशा व्हायच्या. पेशंटला "बिचारा" म्हटलेलं त्यांना चालत नसे. त्याला नाव आहे, नावाने हाक मारा, म्हणून त्या चारचौघांत सुनवायच्या. बोलता न येणारा माणूस एखादा शब्द जुळवत असला आणि त्याच्या बायकोने तो शब्द आधीच बोलून टाकला, की बाई तिच्याकडे अशा बघायच्या की ती बाहेरच निघून जायची. मग बाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहायच्या. शब्द येईपर्यंत. राउंडला आलेले डॉक्टरही मागे खोळंबायचे. "थांबा, येतोय तो," असं त्या हळूच म्हणायच्या, जणू जिना चढून कुणी वर येतंय.

एकदा गासच्याच एका बागायतदाराचे मुलगे वडिलांसाठी शहाळं घेऊन आले. पक्षाघातात गिळण्याचे स्नायूही दुबळे होतात आणि पाणी श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनिया होतो, म्हणून गिळण्याची तपासणी झाल्याशिवाय तोंडाने थेंबही द्यायचा नसतो. म्हातारबा त्या तपासणीत पास झाले नव्हते. मुलगे ऐकेनात. घरच्या माडाचं शहाळं, त्याने कुणाचं वाईट झालंय का, असं थोरला म्हणत होता. एकाच गावची माणसं, बाईंच्या भावाच्या ओळखीतली, त्यामुळे आवाज चढले. बाईंनी त्याच्या हातातून शहाळं घेतलं आणि तिथेच उभ्या उभ्या सगळं पिऊन टाकलं. गोड आहे म्हणाल्या, आणि रिकामं शहाळं त्याच्या हातात दिलं. म्हातारबा वाकड्या तोंडाने हसले. दाखल झाल्यापासून पहिल्यांदाच. पुढे गिळणं सुधारलं, घट्ट पेज झाली, मऊ भात झाला, आणि पातळ पदार्थांची परवानगी मिळाली त्या सकाळी बाई स्वतःच्या वाडीतलं शहाळं घेऊन आल्या. म्हातारबांना ताठ बसवून, हनुवटी खाली धरायला लावून, चमच्याचमच्याने त्यांनी ते पाजलं. दोन्ही मुलगे बाजूला हात बांधून उभे होते.

नमस्काराचंही असंच. वॉर्डात एका हाताचा नमस्कार चालत नसे. चांगल्या हाताने लुळा हात उचलायचा, छातीशी आणायचा, दोन्ही तळवे जोडायचे, मगच बाई "नमस्कार" म्हणायच्या. ख्रिस्ती पेशंटना क्रूसाची खूण करतानाही त्या दुबळ्या हाताला सोबत न्यायला लावायच्या. एक आजी चिडून म्हणाल्या होत्या की देवाला एवढं चालतं. बाई म्हणाल्या, देवाला चालेल, हाताला चालणार नाही. हात विसरून जाईल.

काही पेशंटना आपली डावी बाजूच उरत नाही. डोळे ठीक असतात, पण डावीकडचं जग त्यांच्या लेखी नसतं. ताटातली उजवीकडची भाजी खातात, डावीकडचा भात तसाच राहतो. अशांच्या डाव्या उशाशी बाई सकाळी सोनचाफ्याचं फूल ठेवायच्या आणि काही न बोलता निघून जायच्या. वास यायचा, फूल दिसायचं नाही. माणूस अस्वस्थ होऊन शोधायला लागायचा. मान वळता वळता कधीतरी डावीकडे पोचायची. आमचे फिजिओथेरपिस्ट डॉक्टर आधी या प्रकाराला हसायचे. नंतर तेही फूल आज आलं का म्हणून विचारायला लागले.

पण बाईंचं नाव सगळ्या वसईत झालं ते जूचंद्र गावच्या मावशींमुळे.

मावशी खाडीकाठच्या शेतकरी घरातल्या, साठीच्या, धिप्पाड. घरची भातशेती होती, मुलगा नोकरीला होता, तरी वसईच्या बाजारात सुकी मासळी विकायला बसायच्या. बाजारातच त्यांना पक्षाघाताचा झटका आला. शेजारच्या भाजीवालीने वेळ न घालवता रिक्षात घातलं, त्यामुळे इंजेक्शन वेळेत मिळालं. जीव वाचला, पायात बळ परत यायला लागलं. पण उजवा हात उठेना, आणि वाचेत एकच शब्द उरला. "नको."

जेवायचं का, नको. बसवू का, नको. मुलगा आलाय, नको. भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या. आधार दिला की पाय उभं राहू शकत होते, हे आम्हाला माहीत होतं. पण चालायला न्यायला गेलं की अंग दगडासारखं टाकून द्यायच्या. फिजिओथेरपिस्ट थकले. बाईंनी चाफा ठेवून पाहिला, भाजीच्या बातम्या सांगून पाहिल्या, नाकाचं विचारून पाहिलं. त्यालाही नको. डॉक्टरांनी मुलाला स्पष्ट सांगितलं की पहिल्या काही महिन्यांत जे येतं तेच येतं, हे दिवस असेच गेले तर आई अंथरुणालाच खिळेल. मुलगा आमच्यासमोर रडला.

दुसऱ्या दिवशी बाईंची सुट्टी होती. त्या साध्या साडीत आल्या आणि मला म्हणाल्या, चल, मावशींना जरा हवा खायला न्यायचंय. मुलाला त्यांनी विचारलं होतं. डॉक्टरांना विचारलं का, असं मी विचारल्यावर त्यांनी ऐकू न आल्यासारखं केलं. व्हीलचेअर घडी करून रिक्षाच्या मागे कोंबली, मावशींना दोघींच्या मध्ये बसवलं. मावशी वाटभर नको नको म्हणत होत्या. रिक्षावाल्याने आरशातून विचारलं, यांना पळवून तर नेत नाही ना. बाई म्हणाल्या, हो, तसंच समज.

बाजाराच्या तोंडाशी आम्ही त्यांना व्हीलचेअरवर बसवलं. सकाळची गर्दी होती. मावशींनी डोळे घट्ट मिटून घेतले होते. पण नाक कसं मिटणार? सुक्या मासळीच्या रांगेत शिरलो तसे त्यांचे डोळे उघडले. बायका हातातलं टाकून धावत आल्या, कुणी पदर डोळ्यांना लावला, कुणी गालावरून हात फिरवला. मावशी कुणाकडे बघतच नव्हत्या. त्यांची नजर त्यांच्या जागेवर होती. तिथे त्यांची धाकटी जाऊ बसली होती. बिचारी नवखी. तिने बोंबील, सुकट, जवळा सगळं एकमेकांत मिसळेल असं पसरून ठेवलं होतं, आणि एक गिऱ्हाईक सुकट उचलून नाक मुरडत होतं.

मावशींचा डावा हात खुर्चीच्या दांड्यावर आवळला गेला. पुढे मी काही करायच्या आतच त्या उठल्या. मी व्हीलचेअर धरली, बाईंनी मावशींची कंबर धरली. त्या उभ्या होत्या. ओठ हलत होते, आवाज फुटत नव्हता. जाऊ काहीतरी बोलायला लागली, तिला बाईंनी हाताने गप्प केलं. सगळी रांग गप्प झाली. बोंबलांवरच्या माश्या तेवढ्या फिरत होत्या.

"बोंबील," मावशी म्हणाल्या. मग बराच वेळ काहीच नाही. मग, "असं... कोन... ठेवतं?"

जाऊ रडायला लागली. मावशींनी पाऊल टाकलं, आणखी एक टाकलं, आपल्या पाटापर्यंत पोचल्या आणि नेमक्या तिथे उजवा गुडघा दुमडला. बाईंनी त्यांना सोडलं नाही. त्यांना अंगावर घेत त्या स्वतःच मागे कोसळल्या, आणि दोघी सुकटीच्या गोणीवर जाऊन पडल्या. जवळ जाऊन बघते तर मावशी हसत होत्या. अर्ध्या तोंडाने, पण पोट हलेपर्यंत. बाईंचा चष्मा सुकटीत पडला होता आणि त्या चाचपडत तो शोधत होत्या.

त्या दिवशी मावशींनी डाव्या हाताने बोंबील वेगळे केले. शब्द फार आले नाहीत, जे आले ते सगळे जावेला घातलेल्या शिव्या होत्या, आणि बाईंनी प्रत्येक शिवीला मान डोलावली. परत आल्यावर मावशी दमून गाढ झोपल्या. दुसऱ्या सकाळी फिजिओथेरपिस्ट आले तेव्हा त्या पलंगाच्या कडेला पाय सोडून बसल्या होत्या.

कुणीतरी बाजारात मोबाइलवर चित्रण केलं होतं. ते घराघरांत फिरलं आणि आमच्या व्यवस्थापकांपर्यंतही पोचलं. त्यांनी बाईंना बोलावलं. सोबत होते म्हणून मलाही बोलावलं. माणूस वाईट नव्हता. त्यांनी शांतपणे विचारलं की त्या पेशंटचं खुब्याचं हाड मोडलं असतं तर जबाबदार कोण? बाई म्हणाल्या, मी. ते म्हणाले, तुम्ही नाही, हॉस्पिटल. बाईंनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या की हे बरोबर आहे, हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. मग व्यवस्थापकांनी विचारलं, पुन्हा असं करणार नाही ना? एवढ्या एका वाक्यावर सगळं मिटलं असतं.

"तसं सांगता येणार नाही," बाई म्हणाल्या.

त्यांना वॉर्डातून काढून बाह्यरुग्ण विभागात रक्तदाब बघायला बसवलं. तिथे दारं होती, आणि पेशंट स्वतःच टकटक करून आत यायचे. बाईंना ते रुचलं नाही. निवृत्ती जवळच आली होती, त्याआधीच त्यांनी नोकरी सोडली. निरोपाचा कार्यक्रम ठेवायचा म्हटलं तर नको म्हणाल्या. चाफ्याची ओंजळभर फुलं माझ्या टेबलावर ठेवली आणि गेल्या.

मला वाटलं, संपलं. पण गासला त्यांच्या घराच्या ओटीवर दुपारी माणसं जमायला लागली. हॉस्पिटलमधून घरी गेलेली, अर्धवट बरी झालेली, घरच्यांनी खाटेवर बसवून ठेवलेली माणसं. बाई त्यांना वाल सोलायला बसवायच्या, फुलं ओवायला द्यायच्या, ओलं धोतर पिळायला लावायच्या, वाडीतल्या पाण्याच्या पाटाच्या कडेने चालवायच्या. आमचे फिजिओथेरपिस्ट रविवारी जायचे, कुणाचा खांदा चुकीचा ओढला जातोय, कुणाला काठी कोणत्या हातात हवी ते दाखवायचे. बाई त्यांचं निमूट ऐकायच्या, हे पाहून मला मोठं नवल वाटायचं. मीही सुट्टीला जायचे. एकदा गेले तेव्हा आठदहा माणसं ओळीने बसून केळीच्या पानांच्या शिरा काढत होती, आणि प्रत्येकाचा एक हात दुसऱ्याहून मागे राहत होता, आणि कुणालाही कसली घाई नव्हती. जूचंद्रच्या मावशी त्यांच्यावर देखरेख करत होत्या. त्यांची वाचा पुरती परत आली नाही कधी. पण अडखळत का होईना, सगळ्यांना कामाला लावण्यापुरती आली.

अशी बरीच वर्षं गेली. मध्ये माझं लग्न झालं, मुलं झाली, त्याच वॉर्डाची मुख्य सिस्टर मी झाले. ओटीवरची माणसं बदलत राहिली, बाई तेवढ्या तशाच. मागच्या हिवाळ्यात दुपारच्या जेवणानंतर त्या जरा आडव्या झाल्या आणि उठल्या नाहीत. हृदय थांबलं, डॉक्टर म्हणाले. भाच्याचा फोन आला तेव्हा मी ड्यूटीवर होते. तशीच निघाले.

गल्लीच्या तोंडाशीच रिक्षा थांबवावी लागली. पुढे रिक्षाच रिक्षा होत्या. त्यांतून माणसं उतरत होती. उतरायला त्यांना वेळ लागत होता. आधी काठी, मग चांगला पाय, मग ओढत आणलेला दुसरा. वाडीकडची होती, खाडीकडची होती, काही चेहरे माझ्या वॉर्डातून गेलेले, काही मी कधी न पाहिलेले. बायकाही होत्या. स्मशानात बायका जात नाहीत असं कुणी एक म्हातारा म्हणाला, पण तोही काठी टेकत पुढे निघाला होता, त्यामुळे बोलणं तिथेच राहिलं.

तिरडी उचलली. स्मशान काही लांब नव्हतं, गावाच्या टोकाला. खांदा देणारे भावाचे मुलगे आणि गावातली तरणी मुलं होती. सवयीने झपझप चालायला लागली. थोडं अंतर गेल्यावर थोरल्या भाच्याने मागे वळून पाहिलं. मागची सगळी माणसं रस्ताभर पसरली होती. कुणी कुंपण धरून दम खात होतं, कुणी दुसऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून पाय उचलत होतं. कुणीही परत फिरत नव्हतं. भाचा थांबला, म्हणून बाकीचेही थांबले. भटजी म्हणाले, चला, ऊन उतरेल, पुढचे विधी राहिलेत.

"उतरू दे," भाचा म्हणाला. "सगळ्यांना येऊ दे."

मग तसंच चालत राहिलो. खांद्यावरची मुलं थोडी पावलं टाकायची आणि उभी राहायची. मागची माणसं येऊन पोचली की पुन्हा थोडी पावलं. केळीच्या बागांमधून काठ्यांचे आवाज येत होते. स्मशानात पोचलो तेव्हा दिवस मावळला होता, आणि सगळे पोचले होते.